चिपाडात काय राहिलं? उसाच्या पानातल्या दोन पेशींचा इतिहास



पेट आणि नेटची तयारी करणाऱ्या एका मैत्रिणीनं विचारलं, "ताई, सी-फोर चक्र पाठ आहे, सगळ्या रिॲक्शन लिहिता येतात. पण एकाच पानात दोन वेगवेगळ्या पेशी कशाला लागतात, हे डोक्यात बसत नाही."

उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण हा प्रश्न माझ्या एका फसलेल्या प्रयोगाला जाऊन भिडतो, आणि तो प्रयोग ज्या चुकीमुळे फसला तीच चूक साठच्या दशकात फार मोठ्या लोकांच्या हातूनही झाली होती. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते. सी-फोर तुमच्या अभ्यासक्रमात नसेल तरी वाचा. रेणू कोणता आहे आणि किती आहे एवढं कळून भागत नाही, तो कुठे आहे हेही विचारावं लागतं. ही गोष्ट त्या 'कुठे'ची आहे.

आधी ऊस खाऊन बघा

माझं घर नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, प्रवरेच्या कालव्यावर. आमच्याकडे ऊस तोडून दिला की पोरं बुडख्याकडचं कांडं मागतात. शेंड्याकडचं कांडं पाणचट, कधी जरा खारट. तो भाग जनावरांना वाढं म्हणून जातो. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, ही म्हण ज्यानं केली त्याला साखर उसात कुठे साठते ते पक्कं माहीत असणार.

भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं, कालव्याचं पाणी आलं आणि या पट्ट्यात उसाची बागायत वाढली. पुढे लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. तेव्हापासून आमच्याकडच्या गप्पांत एक शब्द हमखास असतो: उतारा. शंभर किलो उसातून किती किलो साखर हाती लागली, तो आकडा. आज उसाची एफआरपीसुद्धा या उताऱ्याला बांधलेली आहे. १०.२५ टक्के हा पायाभूत उतारा, त्याच्या वर गेलात तर जास्त दर.

म्हणजे 'साखर किती' यावर घरचं वर्ष ठरतं. पण कारखान्यातला केमिस्ट रोज आणखी एक आकडा काढतो, तो बाहेर फारसा कुणाला माहीत नसतो. ऊस पिळून झाल्यावर चिपाडात, म्हणजे बगॅसमध्ये, किती साखर शिल्लक राहिली? कारण साखर उसाच्या पेशींच्या आत असते. पेशी फुटल्या नाहीत तर ती चिपाडाबरोबर बॉयलरमध्ये जळून जाते. म्हणून तर कारखान्यात ऊस आधी बारीक करतात, मग एकामागून एक अशा अनेक मिलमधून काढतात आणि मध्ये पाणी मारतात. चिपाड न तपासता उताऱ्यावर बोलणं म्हणजे अर्धाच हिशेब.

एवढी गोष्ट लहानपणापासून कानावर असूनही मी ती प्रयोगशाळेत विसरले.

माझा फसलेला प्रयोग

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये मी उसाच्या आणि गव्हाच्या पानातल्या रुबिस्कोची तुलना करत होते. रुबिस्को म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून साखरेच्या वाटेला लावणारं एन्झाइम. पानं चिरली, बर्फावर थंड केलेल्या खलात बफर घालून कुटली, गाळून घेतली, गाळलेल्या द्रवाची ॲक्टिव्हिटी मोजली. एन्झाइम गरम होऊन बिघडू नये म्हणून अगदी जपून, हलक्या हातानं कुटत होते.

गव्हाचे आकडे व्यवस्थित आले. उसाचे इतके कमी की विश्वास बसेना. तीन वेळा केलं, तीनदा तेच. मी वहीत लिहून टाकलं: 'उसात रुबिस्को नगण्य.' रिपीट होतंय म्हणजे खरंच असणार, असं मला वाटलं.

गाइडनी आकडे पाहिले आणि एकच विचारलं, "चोथा कुठाय?"

चोथा मी टाकून देत होते. पुढच्या वेळी ठेवला. तो अजून चांगला हिरवागार होता. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पानाच्या शिरांभोवती जाड भिंतीच्या पेशींच्या लांबच लांब माळा, एकही न फुटलेली. मी पानातल्या फक्त मऊ पेशी फोडल्या होत्या आणि त्यांचा रस 'उसाचं पान' म्हणून मोजत होते. सी-फोर वनस्पतींना रुबिस्को गव्हापेक्षा कमी पुरतं हे खरं आहे, पण माझ्या आकड्यावर ऊस जगलाच नसता.

मला रडू यायचं बाकी होतं. तेव्हा गाइड म्हणाल्या, "हॅच-स्लॅक ज्यांच्या नावानं शिकतेस ना, त्यांचाही हा आकडा १९६७ मध्ये कमीच आला होता. जा, वाच." त्या वाचनातून जे हाती लागलं ते असं.

कोणता रेणू आधी?

गोष्ट सुरू होते १९४० मध्ये. बर्कलीला मार्टिन कामेन आणि सॅम रुबेन यांनी कार्बन-१४ शोधला. हा किरणोत्सारी कार्बन, त्यामुळे त्याच्यावर जणू खूण केलेली असते. असा कार्बन डायऑक्साइड वनस्पतीला द्यायचा, काही सेकंदांत पेशी मारायच्या आणि खूण कोणत्या रेणूवर गेली ते पाहायचं. मेल्विन केल्विन, अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशम यांनी ही पद्धत वापरून दाखवलं की खूण सर्वांत आधी पीजीए या तीन कार्बनच्या रेणूवर येते. १९६१ मध्ये केल्विनना नोबेल मिळालं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. त्यांचं बरंचसं काम क्लोरेला आणि सीनेडेस्मस या सूक्ष्म शेवाळांवर झालं होतं. क्लोरेला एकपेशीय. तिथे एका पेशीनं अर्धं काम करून उरलेलं शेजारणीकडे सोपवायचं, असा प्रकारच नाही. त्यामुळे 'कोणत्या पेशीत' हा प्रश्न कुणी विचारायचं कारणही नव्हतं.

त्याच काळात हवाईमध्ये ऊस बागायतदारांच्या संघटनेची स्वतःची संशोधन शाळा होती. तिथे कॉन्स्टन्स हार्ट उसात साखर कशी बनते यावर काम करत होत्या. मॅलिक आम्लाचा या सगळ्याशी काहीतरी संबंध आहे, असं त्या चाळीसच्या दशकातच मांडत होत्या. पुढे ह्यूगो कॉर्टशाक, हार्ट आणि जॉर्ज बर यांनी उसाच्या पानाला कार्बन-१४ दिला. खूण आधी पीजीएवर यायला हवी होती. ती आली मॅलेट आणि ॲस्पार्टेट या चार कार्बनच्या रेणूंवर. पीजीएवर नंतर.

हे निष्कर्ष १९५४ पासून संस्थेच्या वार्षिक अहवालांत येत होते. रीतसर शोधनिबंध मात्र १९६५ मध्ये आला. मधली अकरा वर्षं! रशियात कझानला युरी कार्पिलोव्ह यांनाही मक्यात असंच काहीसं दिसलं होतं, १९६० मध्ये. तेही बाकी जगापर्यंत पोचलं नाही. केल्विन चक्र बरोबरच होतं, नोबेल मिळालेलं होतं आणि उसाचा आकडा त्यात बसत नव्हता. न बसणारा आकडा घेऊन माणूस किती वर्षं थांबतो, याचा हा नमुना.

रुबिस्को गेलं कुठे?

१९६५ चा तो निबंध ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला हॅल हॅच आणि रॉजर स्लॅक यांच्या हाती होता. तेही एका साखर कंपनीच्या संशोधन केंद्रात काम करत होते. त्यांनी प्रयोग पुन्हा केला, वेळेचे टप्पे आणखी बारीक घेतले आणि १९६६ मध्ये जाहीर केलं की उसात कार्बन पकडण्याचा वेगळा मार्ग आहे. आधी चार कार्बनचं आम्ल तयार होतं, मग त्यातला एक कार्बन पीजीएमध्ये जातो.

पण तो एक कार्बन जातो कसा? पहिल्या आराखड्यात त्यांनी अंदाज बांधला होता की एखादं एन्झाइम तो कार्बन थेट एका रेणूवरून उचलून दुसऱ्यावर ठेवत असावं. रुबिस्कोची गरजच नाही. या अंदाजाला बळ देणारा आकडाही १९६७ मध्ये मिळाला: उष्ण प्रदेशातल्या गवतांच्या पानांत रुबिस्को इतकं कमी भरलं की प्रकाशसंश्लेषणाचा वेग त्यातून निघणं शक्य नव्हतं.

ओळखीचं वाटतंय ना? माझ्या वहीतलं वाक्य.

मग १९६९ मध्ये ओले ब्यॉर्कमन आणि गाउल यांनी तीच मोजणी पान जोरात कुटून केली. रुबिस्को भरपूर सापडलं. ते जाड भिंतीच्या पेशींमध्ये बंद होतं. हलकं कुटल्यावर त्या फुटतच नव्हत्या, त्यामुळे एन्झाइम चोथ्याबरोबर फेकलं जात होतं.

त्याच वर्षी स्लॅक, हॅच आणि गुडचाइल्ड यांनी मक्याच्या पानावर उलट बाजूनं काम केलं. पान पाण्यात कुटलं की विरघळणारे रेणू आपली जागा सोडून सगळीकडे पसरतात. म्हणून त्यांनी पान गोठवून पूर्ण सुकवलं, पाण्याचा अंश नसलेल्या द्रावकात भरडलं आणि कणांची घनतेप्रमाणे विभागणी केली. दोन प्रकारच्या पेशींतली हरितद्रव्याची लवकं अशी वेगळी करता आली. रुबिस्को एका गटात, पहिल्या टप्प्याची एन्झाइम्स दुसऱ्या गटात. पानात दोन कारखाने होते आणि आपण दोन्हींचा माल एकाच पोत्यात भरून तोलत होतो.

गंमत म्हणजे या दोन पेशी कुणी नव्यानं पाहिल्या नव्हत्या. जर्मन भाषेत लिहिणाऱ्या गॉटलिब हाबरलांड यांनी १८८४ च्या आपल्या ग्रंथात शिरेभोवतीच्या या कड्याचं वर्णन केलं होतं. 'क्रांझ' म्हणजे माळ, हे नाव तिथूनच आलं. दोन थरांत कामाची वाटणी असेल का, अशी शंकाही त्यांनी मांडली होती. तिचं उत्तर मिळायला पंच्याऐंशी वर्षं लागली.

मग दोन पेशी कशाला?

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येऊ. रुबिस्कोला एक खोड आहे. कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन यांत ते गफलत करतं. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड अगदी नगण्य, त्यामुळे गफलत वारंवार होते आणि आधी पकडलेला कार्बन वाया जातो. उन्हाळ्यात तर जास्तच.

उसानं काय केलं? बाहेरच्या मेसोफिल पेशीत पेप कार्बोक्सिलेज हे दुसरं एन्झाइम ठेवलं. ते ऑक्सिजनला फसत नाही. ते चार कार्बनचं आम्ल बनवतं. हे आम्ल शिरेलगतच्या बंडल शीथ पेशीत जातं, तिथे फुटून कार्बन डायऑक्साइड सोडतं. भिंती जाड, वायू सहज बाहेर निसटत नाही. त्या बंद खोलीत त्याचं प्रमाण बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट वाढतं आणि नेमकं त्याच खोलीत रुबिस्को बसलेलं असतं. उरलेला तीन कार्बनचा रेणू परत मेसोफिलकडे जातो, पुढची खेप आणायला.

ही दोन्ही एन्झाइम्स एकाच पेशीत अशीच मोकळी सोडली असती तर पकडलेला कार्बन डायऑक्साइड सोडताक्षणी निसटला असता, साठा झालाच नसता. उसाची खरी कमाई अंतरात आहे.

आणि हे आम्ल एका पेशीतून दुसरीत जातं कसं? भिंतीतल्या बारीक बोगद्यांतून. एडुआर्ड टँगल यांनी हे पेशींमधले धागे १८७९ मध्ये पाहिले होते, स्ट्रासबुर्गर यांनी १९०१ मध्ये त्यांना प्लाझमोडेस्माटा हे नाव दिलं. मेसोफिलमध्ये मॅलेट सतत बनतं म्हणून तिथे जास्त, बंडल शीथमध्ये सतत फुटतं म्हणून तिथे कमी. जास्तीकडून कमीकडे ते आपोआप झिरपतं. ढकलायला कुणी लागत नाही, फक्त दोन्ही टोकांची कामं चालू राहायला हवीत.

पानातून कांड्यात

साखर तयार झाली की ती पानात राहत नाही. फ्लोएमच्या नळ्यांतून खाली उतरते. कशी, याचं आजही मान्य असलेलं चित्र एर्न्स्ट म्युंख या जर्मन वनशास्त्रज्ञानं १९३० च्या पुस्तकात मांडलं: पानाकडे साखर भरल्यानं पाणी आत येतं, दाब वाढतो. कांड्याकडे साखर काढून घेतल्यानं दाब उतरतो. या फरकावर रस वाहतो.

खाली पोचल्यावर काय होतं, हे पुन्हा ब्रिस्बेनच्याच केंद्रात १९६३ च्या सुमारास उलगडलं. त्या कामात ग्लाझिऊ यांच्याबरोबर हॅचही होते. उसाच्या कांड्यात साखर पेशीबाहेरच्या मोकळ्या जागेत येते, तिथे इन्व्हर्टेज एन्झाइम तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करतं, ते पेशीत शिरतात, आत पुन्हा जोडले जातात आणि साखर व्हॅक्युओल या पेशीतल्या मोठ्या पिशवीत जाऊन बसते. पेशीबाहेर साखर सोडणारी दारं, म्हणजे स्वीट नावाची प्रथिनं, वोल्फ फ्रॉमर यांच्या गटानं २०१० मध्ये दाखवली. कधीकाळी बाण काढून दाखवलेल्या वाटेला आता एकेक दार सापडतंय.

आता बुडख्याची गोडी समजते. शेंड्याकडची कोवळी कांडी अजून वाढत असतात. तिथे इन्व्हर्टेज जोरात, साखर तुटते आणि वाढीला खर्च होते. बुडख्याची कांडी जुनी, वाढ थांबलेली, आलेली साखर पिशवीत जमा. म्हणूनच ऊस पक्व झाला का हे पाहताना हँड रिफ्रॅक्टोमीटरवर बुडख्याचा आणि शेंड्याचा ब्रिक्स वेगवेगळा घेतात. दोन्ही जवळ आले की ऊस तोडायला तयार. युरिया आणि पाणी शेवटपर्यंत देत राहिलं तर शेंडा वाढतच राहतो आणि उतारा घसरतो.

तोडलेल्या उसात हा कारभार बिघडतो. इन्व्हर्टेज साखर तोडत राहतं, पण नवी साखर येत नाही. एका वर्षी आमचा तोडलेला ऊस वाहन न मिळाल्यानं तीन दिवस फडात पडून होता. वडील रोज संध्याकाळी जाऊन मोळ्यांवर पाचट टाकून यायचे. "वजन घटतंय," एवढंच म्हणायचे. वजनाबरोबर आत आणखी काय घटत होतं ते मला खूप वर्षांनी कळलं.

तुमच्या वहीसाठी

हा इतिहास वाचून मी माझ्या कामात तीन बदल केले. तुम्हीही करून बघा.

एक, प्रत्येक नमुन्यापुढे 'कुठून' असा रकाना. कितवं पान, पानाचा कोणता भाग, कोणतं कांडं, दिवसाची कोणती वेळ. 'ऊस, पान' एवढ्यानं नंतर काहीही कळत नाही.

दोन, टाकून द्यायच्या आधी चोथा बघायचा. गाळणीवरचा, सेंट्रिफ्यूजच्या तळाचा, कसलाही. एन्झाइम सापडलं नाही याचा अर्थ ते नाही असा होत नाही. तुम्ही फोडलेल्या पेशीत ते नाही, एवढाच होतो. तीनदा तोच आकडा येणं म्हणजे तीनदा तीच चूक होणंही असू शकतं.

तीन, न बसणारा आकडा खोडायचा नाही. आधी चोथा तपासा, पद्धत तपासा. तरीही टिकला तर तो लिहून ठेवा आणि कुणाला तरी दाखवा. माझा आकडा चुकीचा निघाला, हार्ट आणि कॉर्टशाक यांचा बरोबर. पाहताना दोन्ही सारखेच विचित्र दिसतात. फरक तपासल्यावरच कळतो. आणि चक्राला नाव मात्र हॅच-स्लॅक यांचं लागलं, हेही परीक्षेला बसताना आठवू द्या.

दिवाळीत घरी गेले तेव्हा वडिलांना ही सगळी गोष्ट सांगितली. खलात हळू कुटलं, अर्ध्या पेशी तशाच राहिल्या, वगैरे. ते हसले आणि म्हणाले, "एवढं शिकलीस, पण चिपाड बघायचं राहिलंच की."

त्यानंतर मी पान चांगलं दणकून कुटते. प्रश्न असतील तर खाली लिहा. पुढच्या लेखात चिरलेल्या पानातून बंडल शीथ पेशी न फोडता वेगळ्या कशा काढायच्या, ते पायरीपायरीनं सांगेन.